थांबायची खूण

टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये संडास नसतो. हे ऐकून लोक आधी हसतात, मग जरा थांबून हळूच विचारतात, "मग तुम्ही करता काय?" तो म्हणायचा, "सकाळी घरीच सगळं आटपायचं, वर चढायचं आणि दुपारपर्यंत शहाण्या मुलासारखं बसायचं."

हा विनोद त्याला करता येत होता, कारण शरीर साथ देत होतं. मधली दोन वर्षं त्यानं साथ सोडली होती. मोठ्या आतड्याला सूज आली, आतून व्रण पडले. दिवसातून पंधरा वेळा धावायचं, दर वेळी रक्त. ती दोन वर्षं त्यानं साइटच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट देत काढली, संडासापासून वीस पावलांवर. पोटाच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, "बाहेरचं काही शिरलेलं नाही. तुमच्या शरीराचा राखणदारच घरच्यांवर काठी चालवतोय. त्याला जरा गुंगीत ठेवायला हवं." त्यासाठी दोन गोळ्या दिल्या. एक मोठी, मोहरीच्या रंगाची, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. ती आतड्याची सूज उतरवायची आणि दुखऱ्या सांध्यांनाही आराम द्यायची. दुसरी लहान, फिकट, रोज एक. ती राखणदाराला गुंगीत ठेवायची. सहा महिन्यांत रक्त थांबलं. आठव्या महिन्यात तो पुन्हा दोनशे अठरा पायऱ्या चढून केबिनमध्ये जाऊन बसला. त्या दिवशी खालून वॉकीटॉकीवर आवाज आला होता, "या घारभाऊ, आभाळ रिकामं होतं तुमच्याविना."

घार हे साइटवरचं त्याचं नाव. बोलणारा तो मास्तर. मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हता. दिवसभर कवायत घेतल्यासारखा हात हलवतो म्हणून मास्तर. तो क्रेनचा सिग्नलमन. वरच्याला भिंतीआडचं दिसत नाही, म्हणून खालचा एक माणूस खुणा करतो आणि वरच्यानं त्या एकाच माणसाचं ऐकायचं असतं. बाकी कुणी, अगदी मोठा साहेब जरी हात हलवत राहिला, तरी ढिम्म हलायचं नाही. याला अपवाद एकच. थांबायची खूण. दोन्ही हात आडवे, तळवे खाली. ती कुणीही देऊ शकतं, सिमेंट कालवणारी बाईसुद्धा. आणि ती दिसली की का, कशाला, असं काही विचारायचं नाही. आधी थांबायचं.

लग्नानंतर पहिल्या महिन्यात बायकोनं या सगळ्या खुणा शिकून घेतल्या होत्या. ओट्यापाशी उभी राहून ती बोट वर करून गोल फिरवायची, म्हणजे ऊठ आता. हात खाली दाबला की आवाज कमी. त्याची आई हे बघून म्हणायची, "तोंडं आहेत ना दोघांना? मुक्यांचा संसार नुसता." सासूसमोर बायको त्याला तुम्ही म्हणायची, खोलीचं दार लागलं की तू.

ती कपडे धुऊन देणाऱ्या एका मोठ्या दुकानात कामाला होती. आलेला प्रत्येक कपडा उजेडाकडे धरायचा, डाग शोधायचा, तो कशाचा आहे हे ठरवायचं आणि त्यावर खडूनं खूण करून आत पाठवायचा. दुकानात तिला डागांची बाई म्हणत. शाई, गंज, चहा, फळाचा रस. कडेवरून आणि रंगावरून ती दहातून नऊदा सांगे आणि दहाव्यांदा वास घेऊन सांगे. "आधी डागाचं नाव, मग पाणी," हे तिचं ठरलेलं वाक्य. आतल्या खोलीत कपडे पाण्याऐवजी एका रसायनात धुतले जात, त्याचा एक गोडसर वास तिच्या केसांना असायचा. त्याला तो आवडायचा.

लग्नाला चार वर्षं झाली आणि मूल झालं नाही, तेव्हा आईचं बोट त्या वासाकडे गेलं.

"दिवसभर त्या वाफा नाकात घेतेस," आई म्हणायची. "पोटात कसं काही धरेल? मी आपली अडाणी, पण मला एवढं कळतं."

बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या. एक फारच त्रासाची होती. त्या दिवशी ती घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. सगळ्या निर्दोष आल्या. मग डॉक्टरांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, यांचीही एकदा करून घ्या.

तो एकटाच गेला. तपासणी केंद्रात एक लहान खोली होती, आतून कडी लागणारी, प्लास्टिक घातलेली एक खुर्ची आणि खिडकीला कागद चिकटवलेला. चार दिवसांनी तिथल्या बाईंनी त्याला समोर बसवून रिपोर्ट उलगडला.

"एका मिलिलिटरमध्ये साधारण दीड कोटी तरी शुक्रजंतू असावेत. तुमचे एकवीस लाख आहेत. आणि त्यातले बरेचसे जागच्या जागी."

"एकवीस लाख म्हणजे काही कमी नाहीत," तो म्हणाला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, औषधं कुठली चालू आहेत? त्यानं खिशातून दोन्ही पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी मोहरीच्या रंगाच्या गोळीवर बोट ठेवलं. "हिनं होतं असं. कायमचं नाही. ही बंद झाली की साधारण तीन महिन्यांत आकडा वर येतो, कारण नवे तयार व्हायलाच तेवढे दिवस लागतात. पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. पोटाच्या डॉक्टरांना सांगा, ते हिच्याऐवजी दुसरी देतील. आणि या लहान गोळीचा तसा परिणाम दिसलेला नाही. हिला हात लावायचा नाही."

त्यानं मान डोलावली. पोटाच्या डॉक्टरांकडे तो कधीच एकटा जात नसे. पहिल्या दिवसापासून बायको बरोबर असायची. कुठल्या महिन्यात किती वेळा रक्त पडलं हे तिच्या वहीत असायचं. डॉक्टरांना सांगणं म्हणजे तिला सांगणं, आणि आज ना उद्या आईला. बस थांब्यावर त्यानं रिपोर्टची बारीक घडी केली, आणखी बारीक केली, आणि बुटात घातली.

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"ठीक आहे सगळं. वेळ लागतो म्हणाले."

त्यानंतर पंधरा दिवसांनी जेवताना आईनं पुन्हा वाफांचा विषय काढला. रात्रीची भांडी आवरून बायकोनं एक कागद आणला. राजीनामा होता. "वाचून बघ ना," ती खोलीत म्हणाली. "तपासण्यांत काही नाही, तुझंही ठीक आहे. मग दुसरं काय उरतं? आई म्हणतात तसंही असेल."

त्यानं तो कागद वाचला. एका ठिकाणी 'घरगुती अडचणीमुळे' असं होतं, तिथं त्यानं 'वैयक्तिक कारणामुळे' करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं गोळ्या बंद केल्या. दोन्ही. बाईंनी काय सांगितलं होतं ते त्याला स्वच्छ आठवत होतं. पण लहान गोळीच्या पाकिटातलं माहितीपत्रक त्यानं केबिनमध्ये बसून वाचलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांतलं, आणि त्यात बाप होऊ पाहणाऱ्यांसाठीही इतकं काही लिहिलं होतं की त्याचा बाईंवरचा विश्वास उडाला. वर लोड अडकला आणि कुठला दोर गुंतलाय ते कळलं नाही, तर क्रेनवाला एकेक दोर ओढून बघत नाही, सगळंच खाली घेतो. त्यानं तसंच केलं. बायको रोज सकाळी डब्यात दोन्ही वेळच्या गोळ्या ठेवायची. तो त्या वर घेऊन जायचा आणि सीटखालच्या बोल्टच्या पत्र्याच्या डबीत टाकायचा. नव्वद दिवस. मग पुन्हा तपासणी, मग गोळ्या पुन्हा सुरू, आणि कुणाला काही कळायचं कारण नाही.

साठ दिवस काही झालं नाही. उलट बरंच वाटलं. एकसष्टाव्या दिवशी उजवा गुडघा सुजला. सत्तराव्या दिवशी पोटात तो जुना, ओळखीचा पीळ पडला. त्यानं सकाळचा चहा सोडला, मग नाश्ता सोडला. रिकाम्या पोटी वर चढलं की दुपारपर्यंत निभतं असा हिशेब होता. पंचाहत्तराव्या दिवशी रक्त दिसलं. मास्तर म्हणाला, "काय घारभाऊ, पट्ट्याला नवीन भोक पाडलंस की काय?" तो म्हणाला, "व्यायाम करतो." मास्तर म्हणाला, "दोनशे अठरा पायऱ्या पुरत नाहीत वाटतं."

आपण नव्वदपर्यंत पोचत नाही हे त्याला चौऱ्याऐंशीव्या दिवशी कळून चुकलं. त्या सकाळी पोट दाबत तो त्या कागद चिकटवलेल्या खिडकीच्या खोलीत गेला, कसाबसा नमुना देऊन बाहेर आला आणि तसाच कामावर गेला.

साडेअकराच्या सुमाराला सळ्यांचा जुडगा सातव्या मजल्याच्या वर लटकत होता, तेव्हा पीळ आला. हा नेहमीसारखा नव्हता. डोळ्यांपुढे पांढरं झालं. खाली पिवळ्या टोप्या घातलेली अकरा माणसं होती. लोड हवेत सोडून क्रेनवाला जागेवरून उठत नाही; मेला तरी नाही, असं त्याच्या पहिल्या उस्तादानं सांगितलं होतं. त्यानं दांडा धरून ठेवला.

"घारभाऊ, हलत का नाहीस?" वॉकीटॉकी.

"मास्तर, खालची माणसं हटव."

"का? वारा आहे का वर?"

"वाराच समज."

मास्तरचा आवाज सगळ्या साइटवर घुमला, "वारा सुटलाय! क्रेन बंद! चला सगळे, जेवून घ्या!" समोरच्या झाडाचं पानही हलत नव्हतं. जुडगा जमिनीला टेकेपर्यंत चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत हात अजिबात कापले नाहीत. बाकीचं शरीर मात्र त्याच्या ताब्यात राहिलं नाही.

तो उतरला तेव्हा मास्तर शिडीशी एकटाच उभा होता, हातात पाण्याचा कॅन आणि स्वतःची जुनी पँट. त्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं आणि बोलत राहिला. "फोरमनला वारा सांगितलाय. उद्या वारा सांगता येणार नाही. तुझी पिशवी मी वरून घेऊन येतो. आणि हे बघ, माझी पँट परत द्यायची घाई नाही, तशीही बायको म्हणते टाकून द्या."

घरी आई दुपारची झोपली होती, बायको बाहेर गेली होती. त्यानं न्हाणीघरात कडी लावून कडकडीत गरम पाण्यात आपले कपडे धुतले, दोनदा साबण लावला आणि गॅलरीतल्या दोरीवर अगदी मागे वाळत घातले.

बायको आली. गॅलरीत गेली. तिचं काम सुटलं होतं, पण सवय सुटली नव्हती. तिनं पँट दोरीवरून काढून उजेडाकडे धरली. मग आत येऊन दार लावलं.

"गरम पाणी घातलंस."

"चहा सांडला होता."

"चहाची कड गडद असते, मध्ये फिका. हा तसा नाही." ती पलंगाच्या कडेवर बसली. "रक्ताला गरम पाणी घालत नाहीत. त्यातलं प्रथिन शिजतं आणि धाग्याला धरून बसतं. हा डाग आता निघायचा नाही. किती दिवस झाले?"

त्यानं सांगायला सुरुवात केली. मधेच थांबला तर ती 'पुढे' म्हणत होती, बाकी काही नाही. मास्तरनं पिशवीत सीटखालची डबीही घालून आणली होती, ती त्यानं काढली. तिनं ती चादरीवर उलटी केली. मोठ्या गोळ्या, लहान गोळ्या. तिनं लहानांतली एक उचलली.

"ही का?"

"माहितीपत्रकात बरंच काही लिहिलं होतं."

"त्या बाई काय म्हणाल्या होत्या?"

"हिला हात लावू नका म्हणाल्या."

"मग?"

"म्हटलं, कुठला दोर गुंतलाय कळत नसेल तर सगळंच खाली घ्यावं."

"कळत होतं तुला," ती म्हणाली. "सांगितलं होतं तुला, कुठला दोर ते."

बाहेर आई उठल्याची चाहूल लागली, कप वाजले. बायकोनं गोळ्या परत डबीत भरल्या, एकेक करून, आणि झाकण लावलं.

"मी दुकान सोडलं," ती म्हणाली. "तुझ्याकडून वाचून घेऊन सोडलं. तू त्यात एक दुरुस्ती सांगितलीस."

त्याला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, कपाटातून तिची ती वही काढली, नवीन पान उघडलं आणि तारीख घातली. "आजचे किती वेळा? आकडा खरा सांगा."

सांगा म्हणाली. दार लागलेलं असताना.

दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात दाखल करून घेतलं. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं. वहीतला आकडा चौदावरून अकरावर आला आणि तिथंच अडला. चौथ्या दिवशी सकाळी पोटाचे डॉक्टर पलंगापाशी येऊन बसले, म्हणजे बातमी चांगली नव्हती.

"आज दुसरं औषध सुरू करायचं. राखणदाराला गुंगी नाही, चांगलं आडवं पाडणारं. त्यानं उतार पडला तर ठीक. नाही पडला तर मोठं आतडं काढावं लागेल, आणि पोटावर पिशवी. लहान गोळी चालू ठेवली असती तर बहुधा ही वेळ आली नसती."

"या औषधानं..." तो अडखळला. "त्या बाबतीत काय होतं?"

"आत्तापर्यंत मोठं नुकसान दिसलेलं नाही. पण छातीठोकपणे सांगण्याइतकी माहिती नाही, आणि नसताना मी सांगणार नाही. सही करा, पाऊण तासात सिस्टर येतील."

ते गेल्यावर बायकोनं पिशवीतून एक पाकीट काढलं. तपासणी केंद्रातून ती सकाळीच घेऊन आली होती. तिनं ते उघडलेलं होतं.

तीन कोटी चाळीस लाख.

त्यानं तो आकडा तीनदा वाचला. त्याला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. "आला," तो म्हणाला. "बघ, आला ना वर. एक महिना. नुसता एक महिना हे औषध नको. स्टेरॉइडवर काढतो मी. अकराच तर वेळा आहे, याआधी पंधरा काढलेत. एक महिना दे मला, मग म्हणशील ते..."

"मी विचारलं त्या बाईंना," ती म्हणाली. "या नमुन्यातले जंतू आजाराचा जोर वाढण्याआधी तयार झालेले आहेत. आता ताप आहे, रक्त जातंय, वजन उतरलंय. आजारानंही आकडा खाली जातो. महिन्यानं हा राहील असं नाही."

"मग हाच नमुना..."

"मोजून झाला की टाकून देतात. साठवून ठेवता आला असता. म्हणाल्या, आधी बोलला असता तर गोठवून ठेवला असता, वर्षानुवर्षं टिकतो." तिनं पाकीट घडी करून पिशवीत ठेवलं. "कुणी बोललंच नव्हतं."

तो तरीही बोलत राहिला. पंधरा दिवस तरी. दहा. डॉक्टरांना म्हणावं सोमवारपर्यंत थांबा. सिस्टर ट्रे घेऊन दारात आली तेव्हा त्यानं हात चादरीखाली ओढून घेतला. "मला विचार करायचाय," तो म्हणाला. सिस्टरनं बायकोकडे बघितलं.

बायको पलंगाच्या पायथ्याशी गेली. तिनं दोन्ही हात आडवे पसरले, तळवे खाली, खांद्याच्या रेषेत. चेहऱ्यावर काही नव्हतं, खेळाचं तर नाहीच. साइटवर कुणी अनोळखी माणूस उभा राहावा तशी ती उभी होती.

त्यानं हात चादरीबाहेर काढून पालथा केला, सुलटा केला. सिस्टरनं शीर शोधली. थेंब पडायला लागेपर्यंत बायकोनं हात खाली घेतले नाहीत.

अकराच्या सुमाराला आई थर्मास घेऊन आली आणि आल्या आल्या सुरू झाली. "मी म्हणतच होते, त्या दुकानाच्या वाफा घरात यायच्या कपड्यांबरोबर. हिचं पोट नाही धरलं, आता याचं पोट गेलं..."

"आई," तो म्हणाला. "वाफांचं काही नव्हतं. कमी माझ्यात होतं. माझ्या गोळ्यांमुळे. मला चार महिन्यांपासून माहीत आहे."

आई थांबली. तिनं सुनेकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"चार दिवसांपूर्वी कळलं, आई."

थर्मासचं झाकण घट्टच होतं. आईनं ते आणखी फिरवलं, आणखी फिरवलं, आणि खाली बघतच म्हणाली, "चहा आणलाय. याला चालत नसेल तर तू घे." हे सुनेला होतं.

"नको, आई. मी दुकानात जाऊन येते. माझ्या जागी दुसरी मुलगी घेतलीय, पण आत धुण्याच्या खोलीत माणूस हवाय म्हणतात." तिनं पिशवी खांद्याला लावली. "वही इथं उशाशी आहे. आकडे लिहून ठेवा."

ती दारापर्यंत गेली. तिनं मागं वळून बघावं म्हणून त्यानं मोकळा हात वर उचलला, आणि मग काय खूण करावी ते त्याला सुचेना. क्रेनवाल्याला स्वतःच्या अशा खुणा नसतातच. सगळ्या खुणा खालच्याच्या, वरच्याकडे खुणेपुरता फक्त एक भोंगा असतो. हात तसाच वर राहिला. वऱ्हांड्यातला तिच्या चपलांचा आवाज जिन्याकडे वळला, आणि आई म्हणाली, "हात खाली ठेव रे, सुई निघेल."

सुई दुसऱ्या हातात होती. त्यानं हात खाली ठेवला.